दुसऱ्या बाईच्या स्की

"बघ, बघ विदा! तुझा लादो गुडघ्यावर बसलाय!" सिल्वा ओरडली.

शाळेच्या स्वयंपाकघरात सिल्वा पाव कापायची आणि मी शिजवायचे. फ्रीजवर तिने घरून आणलेला छोटा टीव्ही असायचा. मी रव्याची खीर ढवळत होते, हात न थांबवता मान वर केली. शर्यतीची सुरुवात दाखवत होते. दार्या दोन्ही काठ्यांवर रेलून उभी होती आणि माझा नवरा बर्फात गुडघा टेकून तिच्या बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ काढत होता. एका हाताने त्याने तिची पोटरी धरली होती. मग त्याने तिच्यापुढे स्की ठेवली, बूट स्कीत अडकवला आणि स्कीच्या टोकावरून हात फिरवला. घोडीच्या नाकावरून फिरवावा तसा.

"तुला मागणी घातली तेव्हा तरी बसला होता का असा?"

"नाही," मी म्हटलं. "बसमध्ये घातली. उभ्या-उभ्याच. त्याला येसेनित्सेला उतरायचं होतं."

सिल्वा इतकी हसली की तिला सुरी खाली ठेवावी लागली. मीही हसले. खीर मात्र तळाला लागली त्या दिवशी. चाळीस पोरांनी करपट खीर खाल्ली आणि एकानेही तक्रार केली नाही. माझं तोंड बघितलं असणार त्यांनी.

लादो म्हणजे राष्ट्रीय संघातल्या दार्या कोलेन्ट्सच्या स्की तयार करणारा माणूस. नोव्हेंबरात जायचा तो मार्चअखेरीस घरी. मध्ये नाताळचे तीन दिवस. दार्याच्या सोळा जोड्या होत्या. त्यांना धार लावायची, मेण चढवायचं, ते खरवडायचं, ब्रश मारायचा, पुन्हा चढवायचं. ती सतरा वर्षांची होती तेव्हापासून हे चाललं होतं, आता ती सव्वीस. आमची स्वतःची मुलगी एवढ्यात शाळा संपवून लुब्ल्यानाला शिकायला गेली. तिला सायकल शिकवली ती मी.

लादो देखणा नाही. केस गेलेत, बोटांवर भाजल्याचे डाग आहेत. दार्याने त्याच्याकडे त्या नजरेने पाहिलं असेल असं मला कधी खरोखर वाटलं नाही. पण असं असूनही पोटात दुखायचं ते दुखायचंच. जेवताना तो सांगायचा, "दार्याचा डावा पाय उजव्यापेक्षा जरासा आत वळतो." मी बटाटे वाढायचे. "दार्याला टोकाशी धार जास्त चालत नाही." मी कोबी वाढायचे. माझा पाय कुठल्या बाजूला वळतो हे त्याला विचारायची मला कधी हिंमत झाली नाही.

त्या वर्षी नाताळला तो आला. दुसऱ्या दिवशी मी कपाट उघडलं, तर माझा फ्लॅनेलचा गाऊन जागेवर नव्हता. निळ्या फुलांचा. जुना होता, कोपरावर विरला होता, पण तेरा हिवाळे मी त्यात झोपले होते. खाली तळघरात गेले. लादो त्याच्या कामाच्या बाकापाशी उभा होता आणि माझा गाऊन त्याने हातरुमालाएवढ्या तुकड्यांत कापून त्याची नीट चवड रचली होती.

"हे काय केलंस?"

"अगं, जुना होता ना तो? इतकं मऊ फ्लॅनेल विकत कुठं मिळतं! नवीन कापडाचे धागे सुटतात. शेवटचा हात मारायला असलंच लागतं." आणि मग अगदी कौतुकाने, "दार्याच्या स्कीला मी दुसरं काही लावत नाही."

भिंतीवर माझ्या स्की टांगलेल्या होत्या. कडा गंजून तांबूस झालेल्या, तळ कोरड्या टाचेसारखा पांढरट. रविवारी मी आणि गावातल्या तिघी-चौघी उतारावरच्या स्की-लिफ्टवर जायचो. त्या सगळ्या खाली पोचून, थर्मासातला चहा ओतून माझी वाट बघत बसायच्या. मी म्हटलं, "लादो, तू इथं आहेस तर माझ्या पण करून दे की."

तो हसला. वाईट हसला नाही, तेच वाईट होतं. "तुझ्या स्कीला काय करायचंय विदा? तू जिथं जातेस तिथं त्या आपोआप पोचतात."

सत्तावीस तारखेला तो गेला. चवड बॅगेत भरून.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, शाळेतून तीनला घरी आले आणि कोट न काढताच तळघरात उतरले. ठरवून वगैरे नाही. दुपारभर सिल्वा विचारत होती, "काय गं, या आठवड्यात तुझी सवत कुठं आहे? स्वीडनला का ऑस्ट्रियाला?" त्याचा राग होता. माझ्या स्की खाली काढल्या, बाकावर उताण्या ठेवल्या आणि वरून कपड्यांची इस्त्री आणली. लादोची खास इस्त्री त्याच्याबरोबर गेली होती. मेण म्हणून घरातल्या दोन पांढऱ्या मेणबत्त्या घेतल्या. इतक्या वर्षांत निदान एवढं तरी पाहिलं होतं की इस्त्रीला मेण टेकवायचं, ते ठिबकतं, मग इस्त्री फिरवायची.

तापवायची किती ते पाहिलं नव्हतं. सुती कपड्यांवर काटा ठेवला. मेण ठिबकलं नाही, धो-धो वाहिलं. धूर निघाला. इस्त्री जरा थांबवून खोकले तेवढ्यात टोकाजवळ टिकलीएवढा डाग पडला, चकचकीत आणि कडक. इस्त्रीच्या वाफेच्या भोकांत मेण गेलं ते गेलंच. पुढच्या रविवारी माझ्या चर्चच्या पांढऱ्या ब्लाउजवर आठ पिवळे ठिपके उमटले.

आणि त्या स्की घेऊन मी लिफ्टवर गेले. मेण खरवडून काढायचं असतं हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. मला वाटलं, जितकं जास्त तितकं बरं. पावावर लोणी लावल्यासारखा थर होता. बर्फावर पाय ठेवला आणि स्की तिथंच रुतल्या, मी एकटी पुढं गेले. तोंडावर आपटले. बर्फ सपाट करायचं यंत्र चालवणारा बोझो तिथंच उभा होता.

"विदा, स्कीला काय लावलंस? डिंक?"

"तुझ्या मिशीला लावतोस तेच," मी पडल्या-पडल्या म्हटलं. पण घरी येईपर्यंत रडू आवरेना.

लादोला विचारता आलं असतं. दर रविवारी सहाला त्याचा फोन यायचा. त्या रविवारीही आला. "इथं उणे चौदा आहे," तो म्हणाला. "दार्या सहावी आली." मी म्हटलं, "छान." तो म्हणाला, "तुझं काय?" मी म्हटलं, "माझं काय असणार." प्रश्न जिभेवर होता, पण त्याच्याकडे मागायचं नव्हतं. एकदा मागून झालं होतं.

बाकाच्या खालच्या खणात वह्या होत्या. नऊ वर्षांच्या नऊ, शाळेत पोरं वापरतात तशा चौकटींच्या. लादो रोजचं लिहून ठेवायचा हे मला माहीत होतं, पण कधी उघडून पाहिल्या नव्हत्या. दुसऱ्याचं पत्र वाचल्यासारखं वाटलं असतं. आता उघडल्या.

"सतरा जानेवारी. हवा उणे सहा, बर्फ उणे आठ. जुना बर्फ, दाणेदार. निळं मेण दोन थर, पूर्ण खरवडून. बाजूची कड सत्त्याऐंशी अंश. उजवी स्की टोकाला किंचित बोथट केली, पकड जास्त वाटत होती. चौथी आली. दार्या खूश."

पान उलटलं. "ओला बर्फ. पिवळं मेण. दार्या खूश." पुढचं. "धुकं. दार्याला झोप नाही. दार्या नाराज." मी वाचत सुटले. कितीतरी पानं आणि प्रत्येक पानाच्या तळाशी दार्याचा चेहरा. आठ फेब्रुवारी हा आमच्या लग्नाचा दिवस. तो मी मुद्दाम शोधला, सगळ्या वह्यांमध्ये. एका वर्षी लिहिलं होतं, "पाऊस. शर्यत रद्द. दार्याला सर्दी." बाकीच्या वर्षी बर्फाचे अंश.

माणूस बायकोचं पाप शोधायला पाकिटं उचकतो तशी मी त्या वह्या उचकत होते, आणि हाती लागत होते अंश आणि मेणाचे रंग. एक प्रेमाचा शब्द सापडला असता तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

सगळ्यात जुनी वही वेगळी निघाली. त्यात अक्षर मोठं होतं आणि सगळं सविस्तर होतं, कारण तेव्हा तो स्वतः शिकत होता. "इस्त्री कधीही थांबवायची नाही. धूर आला म्हणजे जास्त तापली. मेण लावल्यावर निदान अर्धा तास गार होऊ द्यायचं. मग प्लास्टिकच्या पट्टीने टोकाकडून शेपटीकडे खरवडायचं, काहीच उरलं नाही असं वाटेपर्यंत. जे आत मुरलंय तेच कामाचं." मी पेन्सिल घेऊन बसले आणि शाळेच्या जेवणाच्या यादीमागे सगळं उतरवून घेतलं. आणि मग हे पान आलं, नोव्हेंबरातलं, त्याच्या पहिल्या प्रवासाच्या चार दिवस आधीचं:

"विदाच्या स्कीवर करून पाहिलं. बुटाखालचा भाग दोन्हींचा जळाला. आता अंदाज आला किती तापवायची. विदाला बोललो नाही."

मी उठून स्की दिव्याखाली धरल्या. बुटाखाली, जिथं सगळा भार पडतो तिथं, तळहाताएवढा भाग काचेसारखा होता. टोकाचा माझा डाग त्यापुढे काहीच नव्हता. तिथं मेण मुरणार तरी कुठून! नऊ हिवाळे मी सगळ्यांच्या मागून खाली येत होते. मला वाटायचं माझे गुडघे गेलेत. मला वाटायचं मी भित्री आहे. मैत्रिणी म्हणायच्या, "सावकाश ये गं, घाई नाही," आणि मी मनात म्हणायचे, वय झालं, जड झालीस तू. आणि त्याला माहीत होतं. माझ्या स्की जाळून तो तिच्या स्कीवर हात बसवायला निघून गेला होता.

त्या दिवशी मी जेवले नाही. त्याचा ख्रिसमसचा फोटो उपडा घातला. मग पुन्हा सरळ केला, कारण त्यात मुलगी पण होती.

जळालेला तळ कसा दुरुस्त करायचा हेही वहीतच होतं, तिसऱ्या वर्षीच्या. पोलादी पट्टीने तो काचेसारखा पापुद्रा खरवडून काढायचा, जोर न लावता, आणि खालून मऊ काळा थर दिसला की थांबायचं. रोज शाळेतून आले की तास-दीड तास. त्याची हत्यारं मला उलटी पडायची. धार लावताना कानस ज्या चौकटीत बसते ती उजव्या हाताची, म्हणून मी बाकाच्या पलीकडच्या बाजूला, भिंत आणि बाक यांच्या सांदीत उभी राहायचे. कडेवरची कुसळं दगडाने काढायची. बोटं कापली. सिल्वा म्हणाली, "कांदा कापायला विसरलीस का काय?" जत्रेतून घेतलेली जुनी प्रवासी इस्त्री होती, बिनवाफेची, ती बरोबर तापायची. बोझोकडून मेणाच्या तीन कांड्या मागून आणल्या, निळी, तांबडी, पिवळी. त्याने काही विचारलं नाही, फक्त म्हणाला, "या वेळी पुसून ये."

फेब्रुवारीच्या सुरुवातीला पहिल्यांदा त्या चालल्या. लिफ्टवरून उतरले, रोजच्यासारखा धक्का द्यायला काठ्या टेकल्या, तर काठ्या मागे राहिल्या. पायाखालून एक बारीक सळसळ येत होती, तव्यावर पाणी नाचतं तशी. मैत्रिणींच्या बाजूने मी निघून गेले. खाली एकटीच उभी राहून त्यांची वाट बघितली. चहाही मीच ओतून ठेवला.

त्याच आठवड्यात दार्या पडली. सिल्वाने टीव्हीचा आवाज एकदम बंद केला. तिसऱ्या वळणावर तिची स्की अडली आणि ती लाल जाळीत जाऊन गुंडाळली गेली. मी हातातली पळी तशीच धरून बघत होते. मला वाईट वाटलं, शपथ घेऊन सांगते. पण वाईट वाटायच्या आधी क्षणभर, पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ, दुसरं काहीतरी वाटलं. ते मी पाद्रीबाबांना कबुलीत सांगितलं आहे, इथं सांगत नाही.

गुडघा गेला होता. तिचा हिवाळा संपला. लादो मात्र घरी आला नाही. संघाने त्याला दुसरी दिली, एकोणीस वर्षांची, माजा नावाची.

तीन आठवड्यांनी, दुपारी साडेतीनला, मी तळघरात असताना वर घंटा वाजली. दारात दार्या. दोन कुबड्या, टोपीतून बाहेर आलेले केस, टीव्हीवर दिसते त्यापेक्षा पुष्कळ बुटकी.

"विदाबाई, माझी एक जुनी जोडी लादोंनी तुमच्याकडे ठेवलीय ना? न्यायला आले."

"कुबड्यांवर? नेणार कशी?"

ती लाल झाली. "भाऊ येईल गाडी घेऊन. थोड्या वेळाने." मग जरा थांबून, "लादोंचा फोन येतो का हो तुम्हाला?"

"येतो की. दर रविवारी सहाला."

तिचा चेहरा असा उतरला की माझ्या आत साखर विरघळली. खोटं कशाला बोलू.

"मला एकदाही नाही आला," ती म्हणाली. "दवाखान्यात असतानाही नाही. ती माजा कशी आहे, काही बोलले?"

"तिचे दोन्ही पाय सरळ आहेत म्हणे."

दार्या हसायला गेली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मला माझीच लाज वाटली. तिला धरून एकेक पायरी उतरवत खाली आणलं, कारण वर चूल विझली होती आणि तळघरात उबारा होता. बाकावर माझ्या स्की होत्या, अर्ध्या खरवडलेल्या.

"ह्या कुणाच्या?"

"माझ्या."

"आणि करतंय कोण?"

"मीच. दुसरं कोण करणार?"

ती बघतच राहिली. "मला येत नाही," ती म्हणाली. "नऊ वर्षांत मी इस्त्रीला हात लावला नाही. लादो लावू द्यायचे नाहीत." पण तिने अंगठ्याचं नख माझ्या कडेवरून आडवं ओढलं आणि लगेच मान हलवली. "धार नाही लागली. नखाचा कीस निघायला हवा. इथं निघतोय, बुटाखाली. इथं पुढं नाही. वळताना पुढून सटकत असेल ना तुमची?"

सटकत होती. मला वाटत होतं माझंच चुकतंय.

मी प्लमच्या दारूचे दोन छोटे ग्लास भरले. "हे घे. आणि मला अहो-जाहो नको, मी काही तुझी मुख्याध्यापिका नाही."

दुसऱ्या ग्लासानंतर तिने सांगितलं. "मी जाळीत अडकून किंचाळत होते ना, तेव्हा डॉक्टरच्याही आधी लादो पोचला. वरून धावत. मला वाटलं, आला. त्याने आधी स्की उचलली. कडेवरून बोट फिरवलं. आपल्या हातून काही राहिलं का, ते बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, स्की ठीक आहे." ती ग्लास फिरवत राहिली. "नऊ वर्षं. तुझं नाव विदा आहे हे मला तिसऱ्या वर्षी कळलं, ते पण त्याला आलेल्या पार्सलवर पाठवणारीचं नाव वाचून."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. नऊ वर्षं जिच्यावर जळत होते तिच्या वाट्याला काहीच आलं नव्हतं. पण वाटलं नाही. बाईवर जळता येतं, तिच्या चालीची नक्कल करता येते, तिच्या नाकाला नावं ठेवता येतात. सोळा जोड्यांच्या नाकाला काय नावं ठेवणार!

दार्या दर गुरुवारी यायला लागली. ती स्टुलावर पाय पसरून बसायची आणि मी करायचे. "अजून घे. अजून. बास!" तिला करता येत नव्हतं, पण झालंय की नाही ते तिच्या नखाला कळायचं. नंतर मी तिला इस्त्री धरायला शिकवली. पहिल्याच दिवशी धूर काढला तिने, आणि मी ओरडले, "थांबवू नकोस गं बाई!" तेव्हा दोघी इतक्या हसलो की सिल्वा दुसऱ्या दिवशी म्हणाली, "काल तुझ्या घरावरून जात होते, आतून आवाज येत होते. सवत नांदायला आली वाटतं?"

"आली," मी म्हटलं. "पण तिला काम शिकवतेय."

लादो मार्चच्या शेवटच्या शनिवारी परतला. बॅगा ठेवायला खाली गेला तो वर येईना. मी जाऊन पाहिलं. तो दिव्याखाली माझी स्की धरून उभा होता, एक डोळा मिटून कडेवरून नजर टाकत.

"कोण येतं इथं?"

"म्हणजे?"

"माझ्या बाकाला कुणीतरी हात लावलाय. स्की आवळायच्या वाईसची पकड बदललीय. कानस दुसऱ्या खणात आहे. आणि हे," त्याने स्की माझ्यापुढे नाचवली, "हे कुणी केलं?"

मी सांगणारच होते. पण त्याच्या जबड्याचं हाड हलत होतं. इतक्या वर्षांत ते माझ्यासाठी हललेलं मी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "आवडलं का?"

"काम चांगलं आहे," तो कसनुसं तोंड करून म्हणाला. "बोझो का?"

मी खांदे उडवले आणि वर आले.

तीन दिवस तो धुमसत होता. चौथ्या दिवशी सकाळी तडक बोझोकडे गेला. दुपारी तीननंतर परतला तेव्हा मी टेबलापाशी उभी राहून जवाचं सूप वाढत होते.

"बोझो नाही," तो खुर्ची ओढत म्हणाला. "विचारलं तर नुसता हसतो. त्याला स्कीचं टोक कुठलं आणि शेपूट कुठली एवढंच कळतं. शिवाय तो उजव्या हाताचा आहे. हे काम डावखुऱ्या माणसाचं आहे. खरवडल्याचे ओरखडे उलट तिरके आहेत, कानस भिंतीकडून ओढलीय. खोऱ्यात डावखुरे आहेत किती? पोस्टमन त्सिरिल. चर्चची घंटा वाजवणारा तो म्हातारा. आणि…" तो बोटं मोजत होता. मी त्याच्या ताटलीत सूप ओतत होते. तिसऱ्या बोटाशी तो थांबला. त्याची नजर पळीवर गेली. मग पळी धरलेल्या हातावर.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"तू डावखुरी आहेस ते. माहीत होतं. आठवलं नाही."

"दार्या कुठल्या पायावर आधी भार टाकते?"

"उजव्या," तो म्हणाला. लगेच. आणि मग त्याने डोळे मिटून घेतले.

मी पळी पातेल्यात ठेवली. "आणि माझ्या स्की जाळल्यास ते? तेही आठवलं नाही का? नऊ वर्षं मी स्वतःला भित्री समजत होते, लादो."

त्याने मान पार खाली घातली. त्याच्या टकलावर, कानामागे, मेणाचा एक तांबडा ठिपका वाळला होता. एरवी मी तो नखाने काढला असता. मी बूट चढवले, स्की उचलल्या आणि लिफ्टवर गेले. वरच्या भागात अजून चांगला बर्फ होता. लिफ्ट बंद होईपर्यंत खाली-वर करत राहिले.

परत आले तर सूप तसंच, गार, आणि तो तळघराच्या पायरीवर बसलेला. "एकदा मला करू दे तुझ्या," तो म्हणाला. "नीट करतो. दोन दिवस लागतील."

"नाही."

"एकदाच, विदा."

"हात लावायचा नाही."

त्या वसंतात त्याने आणखी दोनदा विचारलं, मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्याने विचारलं, "नुसतं बघत बसलो तर चालेल?" ते चालेल म्हटलं. तो पायरीवर बसला, हात मांड्यांखाली दाबून. मी भिंतीच्या सांदीत उभी राहून काम करत होते. अर्ध्या तासाने उठला, मला वाटलं कंटाळला. त्याने बाक भिंतीपासून हातभर पुढे ओढलं, मला उभं राहायला नीट जागा झाली, आणि पुन्हा जाऊन बसला.

नोव्हेंबरात तो माजाच्या स्की घेऊन गेला. दार्या परत शर्यतीत उतरली नाही. ती आता आमच्या उतारावर पोरांना शिकवते आणि गुरुवारी स्वतःच्या स्की घेऊन माझ्याकडे येते. टीव्हीवर तो माजाचा बूट साफ करताना दिसला तेव्हा सिल्वा माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होती, पण मी आधीच म्हटलं, "दिसलं, दिसलं, गुडघ्यावर आहे." दुखतं अजून. जरा कमी दुखतं असंही मी म्हणणार नाही.

पण परवाच्या रविवारी सहाला फोन आला तेव्हा तो म्हणाला, "तुझ्याकडे बर्फ कसा आहे?"

मी सांगितलं. हवा उणे तीन, रात्री गोठलेला, दुपारी वरून सुटतोय.

"तांबडं लाव."

"दार्या म्हणते तांबड्यावर थोडं पिवळं."

"दार्याला मेणातलं काय कळतं?" तो उसळला. "आणि ती काय रोज येते की काय तिथं?"

"गुरुवारी येते. कधी रविवारी पण."

मग त्याने विचारलं, "आज आहे का?"

दार्या माझ्यामागे खुर्चीत बसून पोटीत्सा, अक्रोड भरलेला गुंडाळीचा केक, खात होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने तोंडावर बोट ठेवलं.

"ते तुला कशाला हवंय?" मी म्हटलं, आणि फोन ठेवला.